विंडोजचा यूएसबी बनवताना एक्सटर्नल डिस्कच फॉरमॅट झाली: फायली परत कशा काढायच्या?

कळफलक (धागाकर्ता)

प्रकरण असं आहे. एका गिऱ्हाइकाची १ टीबीची २.५ इंची एक्सटर्नल हार्ड डिस्क, यूएसबी ३.०, एकच एनटीएफएस (विंडोजची फायली मांडण्याची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टम) पार्टिशन, अंदाजे ६१० जीबी भरलेली. फायली सव्वादोन लाखांच्या घरात: जेपेग आणि कॅननच्या सीआर२ (कच्च्या, रॉ फोटोंच्या) फायली, लग्नांचे एमपी४ व्हिडिओ, कोरलड्रॉच्या सीडीआर, स्कॅन केलेल्या पीडीएफ. विंडोज ११ चा इन्स्टॉल यूएसबी बनवताना मीडिया क्रिएशन टूलला पेनड्राइव्हऐवजी हीच डिस्क दाखवली गेली आणि टूलचं काम शंभर टक्के पूर्ण झालं. आता डिस्कवर ३२ जीबीचं फॅट३२ पार्टिशन दिसतं, त्यात सेटअपच्या ५ जीबीच्या आसपास फायली, उरलेली जागा अनअ‍ॅलोकेटेड, म्हणजे कुठल्याच पार्टिशनमध्ये नाही. त्यानंतर डिस्क काढून ठेवली आहे. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते तो हिशेब) ०५, सी५, सी६ हे खराब सेक्टरांचे तिन्ही आकडे शून्य.

फोल्डर आणि नावं परत मिळण्याची आशा किती, आणि हात घालायचा तर कुठून, एवढं हवं आहे. नुसती सॉफ्टवेअरची नावं सगळीकडे मिळतात, ती नकोत.

सेक्टर_शून्य

डिस्क काढून ठेवलीत हे निम्मं काम. नुसती जोडली तरी विंडोज तिच्यावर सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचं फोल्डर लिहितं, मॅक आपली लपलेली फोल्डरं टाकतो आणि टीव्ही-फोन तर विचारूच नका.

आता नावांचं. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फायलीची नोंद एमएफटी नावाच्या तक्त्यात असते. एक नोंद १०२४ बाइटची. नाव, तारखा, आकार, आणि फायलीचे तुकडे डिस्कवर कुठे पडलेत ते सगळं तिच्यात. नेहमीच्या क्विक फॉरमॅटमध्ये एनटीएफएसवर पुन्हा एनटीएफएस केलं, तर नवा तक्ता जुन्याच्या डोक्यावर बसतो, पण तो इवलासा असतो. सुरुवातीच्या थोड्या नोंदी जातात, बाकीच्या लाखभर तशाच राहतात. म्हणून त्या प्रकारात बहुतेक सगळं फोल्डरांसकट परत येतं.

तुमचा प्रकार वेगळा आहे आणि जास्त वाईट. विंडोज स्वतः फॉरमॅट करतं तेव्हा एमएफटी क्लस्टर (फायलींना जागा वाटायचा डिस्कवरचा गठ्ठा) क्रमांक ७,८६,४३२ पासून सुरू करतं. ४ केबीचा क्लस्टर धरला तर हे ठिकाण पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर ३ जीबीवर येतं. मीडिया क्रिएशन टूलने आपल्या फायली सुरुवातीपासून ओळीने ५ जीबीपर्यंत लिहिल्यात. म्हणजे तक्ता नेमका त्या पट्ट्यात सापडला. तुमच्या ६१० जीबीपैकी प्रत्यक्ष डेटा ५ जीबीच गेला असेल, पण त्या ५ जीबीत अख्ख्या डिस्कची अनुक्रमणिका होती.

हे अंदाजावर सोडू नका, डोळ्यांनी बघा. डीएमडीईमध्ये (डिस्क आतून दाखवणारं आणि फायली काढणारं सॉफ्टवेअर) डिस्क उघडून ६२,९३,५०४ क्रमांकाच्या सेक्टरवर (डिस्कचा ५१२ बाइटचा कप्पा) जा. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत असेल तर हिशेब असा: ७,८६,४३२ गुणिले ८, अधिक २०४८. तक्ता शाबूत असेल तर दर दोन सेक्टरला सुरुवातीची चार अक्षरं एफ, आय, एल, ई अशी दिसतील. तिथे नुसता कचरा दिसला तर पहिला तुकडा गेला.

पहिला तुकडा म्हणतोय, कारण तक्ता नेहमी सलग नसतो. विंडोज त्याच्यासाठी २०० एमबीच्या टप्प्यांनी जागा राखतं. २०० एमबीत दोन लाखांच्या वर थोड्या नोंदी मावतात. तुमच्याकडे फायली सव्वादोन लाख, वर फोल्डरं वेगळी. पुढचा तुकडा दुसरीकडे कुठे पडला असेल तर तो वाचला असण्याची शक्यता आहे.

तांबडीमाती

टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं शोधणारं सॉफ्टवेअर) चालवलं की जुनं एनटीएफएस पार्टिशन लगेच सापडतं, बॅकअप बूट सेक्टरही (पार्टिशनची ओळख सांगणाऱ्या पहिल्या सेक्टरची प्रत) मिळतो. मग राइट दाबून पार्टिशन परत का आणू नये?

सेक्टर_शून्य

सापडणारच. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची दुसरी प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते, तिथे कोणी हात लावलेला नाही. पण राइट केल्यावर विंडोजला जे पार्टिशन दिसेल त्याच्या एमएफटीच्या जागी विंडोज सेटअपचे तुकडे भरलेले असतील. मग एक तर ते पुन्हा फॉरमॅट करा म्हणेल, नाहीतर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन) सुचवेल. आणि चेकडिस्क वाचलेल्या नोंदीही अनाथ समजून साफ करतं. त्याचं काम फाइल सिस्टम सुसंगत करणं, तुमच्या फायली वाचवणं नव्हे.

टेस्टडिस्कचं राइट कामाचं कधी? फक्त पार्टिशन डिलीट झालं असेल आणि वर काहीही लिहिलं गेलं नसेल तेव्हा. आणि तेव्हाही मूळ डिस्कवर नाही, प्रतीवर.

जुनाखोडी

प्रतीचा विषय निघालाच आहे तर आधी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची सेक्टर-सेक्टर नक्कल. ती झाल्याशिवाय एकही स्कॅन नको.

१ टीबीची इमेज म्हणजे ९३१ जीबीची एक फाइल, वर काढलेल्या फायलींना ६१० जीबी. एकूण १५४१. २ टीबीच्या डिस्कवर १८६२ जीबी मिळतात, त्यामुळे एकच नवी २ टीबीची डिस्क पुरते. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट करा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, इमेज तिथेच अडकेल.

सिस्टमरेस्क्यूच्या (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. त्यात डीडीरेस्क्यू (इमेज काढणारं साधन) आणि टेस्टडिस्क दोन्ही आहेत आणि ते डिस्क आपोआप माउंट करत नाही, म्हणजे वापरायला उघडत नाही. डिस्क जोडल्यावर एलएसबीएलके कमांडने मॉडेल आणि आकार बघून कागदावर लिहा: मूळ कोणती, नवी कोणती. एसडीबी, एसडीसी ही अक्षरं प्रत्येक वेळी तीच राहतील असं नाही. मूळ आणि नवी उलटसुलट झाली तर पुढचा धागा काढायचंही कारण उरणार नाही.

डीडीरेस्क्यूची पहिली फेरी एन पर्याय देऊन. म्हणजे खराब जागा खरवडत न बसता चांगला भाग आधी उचलला जातो. मॅपफाइलचं नाव द्यायला विसरू नका. वीज गेली, केबल हलली, तरी त्या मॅपफाइलमुळे काम सोडलं तिथून पुढे चालू होतं. पहिल्या फेरीत काही राहिलं तर दुसरी फेरी डी आणि आर ३ देऊन, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न.

वेळ: यूएसबी ३.० वर सेकंदाला १०० एमबी धरले तर पावणेतीन तास. यूएसबी २.० च्या पोर्टात घातली तर तेच आठ तास. पुढच्या बाजूचे पोर्ट आणि लांब केबल टाळा. लॅपटॉपचा स्लीप बंद करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून. आणि डिस्क गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, टेबलावर उघडी, समोर पंखा.

वेग अचानक सेकंदाला काही केबीवर आला किंवा टकटक आवाज आला तर तिथेच थांबा. तो सॉफ्टवेअरचा विषय नाही.

तांबडीमाती

तसा आवाज आला तर डिस्क खोक्यातून काढून थेट साटाला (संगणकाच्या आतली डिस्कची जोडणी) लावायची ना?

जुनाखोडी

नाही हो! २.५ इंची बऱ्याच एक्सटर्नल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डावरच डाग दिलेलं असतं, साटाचा कनेक्टर नसतोच. ३.५ इंचीत मिळतो, पण काही खोक्यांतली चिप डेटा एनक्रिप्ट करून लिहिते, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. अशी डिस्क खोक्याबाहेर काढली की सगळे सेक्टर निरर्थक दिसतात. आणि काही जुन्या ३ टीबी खोक्यांची चिप ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून दाखवायची. ती बाहेर काढली की पार्टिशनच सापडत नाही. टकटक असेल तर वीज बंद आणि क्लीनरूम असलेली लॅब. मधला रस्ता नाही.

कातरवेळ

हीच गोष्ट एसएसडीवर झाली असती तर?

सेक्टर_शून्य

तर हा धागा इथेच संपला असता. क्विक फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला ट्रिम, म्हणजे 'ही जागा आता लागत नाही' असा निरोप, पाठवतं. यूएसबीचं खोकं ते पुढे पोचवत असेल, आणि आजकाल बरीच पोचवतात, तर एसएसडी ते सगळे ब्लॉक रिकामे समजते आणि वाचायला गेलं की शून्य देते.

लोकांना माहीत नसतं ते हे, की २.५ इंची काही नव्या हार्ड डिस्कही ट्रिम मानतात. एसएमआर प्रकारच्या, म्हणजे ज्यांचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात त्या. प्लॅटरवर डेटा असतो, पण डिस्कचा स्वतःचा नकाशा तो भाग रिकामा म्हणतो. अशा डिस्कवर कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. लॅबमध्ये नकाशा बाजूला सारून वाचता येतं, तेही नंतर लिहिलं गेलं नसेल तर.

ओळखायचं कसं? इमेज करायच्याही आधी डीएमडीईमध्ये मधल्या कुठल्या तरी सेक्टरवर उडी मारा. १ टीबीच्या डिस्कचे एकूण सेक्टर साधारण १९५ कोटी, त्यामुळे ९७.६५ कोटींच्या आसपास ५०० जीबीचं ठिकाण येतं. १०० जीबी आणि ३०० जीबीवरही बघा. सगळीकडे शून्यंच शून्यं असतील आणि डिस्क निम्म्याहून जास्त भरलेली होती हे नक्की असेल, तर समजा ट्रिम लागलं किंवा फुल फॉरमॅट झालं. विस्टापासून विंडोजचं फुल फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं. एक्सपीतलं नुसतं वाचून तपासायचं, म्हणून 'फुल फॉरमॅटनंतरही परत मिळतं' हा समज अजून फिरतो.

कळफलक (धागाकर्ता)

इमेज झाली, एकही खराब सेक्टर नाही. पुढचं सगळं इमेजवर.

६२,९३,५०४ वर एफ-आय-एल-ई नाही. सेटअपचा कॉम्प्रेस केलेला डेटा आहे, पुढे शेकडो एमबी तसाच. १००, ३०० आणि ५०० जीबीवर मात्र भरपूर डेटा, त्यामुळे ट्रिमचा प्रश्न नाही.

डीएमडीईचं फुल स्कॅन केलं, फक्त एनटीएफएस निवडून. साधारण २१० जीबीच्या पुढे एमएफटीचा दुसरा तुकडा मिळाला. नोंदींचे क्रमांक दोन लाखांच्या पुढचे, एकूण पंचवीस हजारांच्या आसपास. फायली नावासकट दिसतात, देवनागरी नावंही नीट. पण त्यांची वरची फोल्डरं बरीचशी बिननावी, नुसता क्रमांक.

सेक्टर_शून्य

अपेक्षेप्रमाणे. या नोंदी शेवटी शेवटी टाकलेल्या फायलींच्या असणार, कारण नवी नोंद मोकळा क्रमांक नसेल तर शेवटाला जोडली जाते. गिऱ्हाइकाला बहुधा त्याच आधी हव्या असतात. या आधी उचला. तुकड्यांत विखुरलेली फाइलही यातून अखंड येते, कारण तुकड्यांचे पत्ते नोंदीत आहेत. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधून ४००० पर्यंत फायली काढू देते, तेव्हा फोल्डर-फोल्डर करत जा.

बिननावी फोल्डरांचं कारण: प्रत्येक फायलीच्या नोंदीत तिच्या फोल्डरचा फक्त क्रमांक असतो, नाव नाही. ते फोल्डर जुनं असेल तर त्याची नोंद पहिल्या तुकड्याबरोबर गेली. पण मोठ्या फोल्डरांची आतली यादी डिस्कवर इतरत्र ४ केबीच्या ब्लॉकमध्ये असते. त्या ब्लॉकची सुरुवात आय, एन, डी, एक्स या अक्षरांनी होते. त्यात आतल्या फायलींची आणि पोटफोल्डरांची नावं, आकार, तारखा असतात. पत्ता मात्र नसतो. म्हणजे 'या फोल्डरमध्ये अमुक नावाची, इतक्या बाइटची पीडीएफ होती' एवढं कळतं, ती कुठे आहे ते कळत नाही. फोटोरेकने (फाइल सिस्टमशिवाय फायली शोधणारं सॉफ्टवेअर) काढलेली बिननावी पीडीएफ बाइटला बाइट त्याच आकाराची निघाली तर नाव जुळवता येतं. सव्वादोन लाखांना करायचं काम नव्हे, पण पाच-पन्नास महत्त्वाच्या कागदांसाठी करण्यासारखं आहे.

कातरवेळ

उरलेल्या दोन लाखांसाठी फोटोरेक. ते टेस्टडिस्कच्याच पॅकेजमध्ये येतं, फुकट आहे. ते फाइल सिस्टम बघतच नाही, फायलीच्या आतल्या खुणा ओळखतं. जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ, पीडीएफची टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ, वगैरे.

इमेज उघडा. पार्टिशनच्या यादीत नवं फॅट३२ निवडू नका, नो पार्टिशन म्हणजे अख्खी डिस्क निवडा. फाइल सिस्टमच्या प्रश्नाला अदर, पुढच्या प्रश्नाला होल. फाइल ऑप्टमध्ये आधी एस दाबून सगळे प्रकार बंद करा, मग हवे तेवढेच चालू: जेपीजी, टीआयएफ, एमओव्ही, आरआयएफएफ, झिप, डॉक, पीडीएफ. सीआर२ टीआयएफच्या पोटात येते, एमपी४ एमओव्हीच्या, जुन्या सीडीआर आरआयएफएफच्या, डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स झिपच्या. सगळे प्रकार चालू ठेवले तर कचऱ्याच्या लाखभर फायली निघतात आणि त्या निवडण्यातच आठवडा जातो.

फायली रिकपडीर नावाच्या क्रमांकित फोल्डरांत पाचपाचशेच्या गठ्ठ्यांनी पडतात. नाव एफ आणि पुढे आकडा. हा आकडा उगाच नाही बरं का, तो फाइल सुरू झाली त्या सेक्टरचा आहे. एका लग्नाचं कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड एका दमात कॉपी केलेलं असतं, म्हणून ते फोटो डिस्कवरही शेजारी शेजारी असतात. आकड्याप्रमाणे लावले की कार्यक्रम आपोआप एकत्र येतात. त्यावर एक्झिफटूलने (फोटोच्या आतली माहिती वाचणारं साधन) फोटो काढल्याच्या तारखेची फोल्डरं करून घ्या, फाइलच्या तारखेवर नको, ती आता निरुपयोगी आहे. ५० केबीच्या आतले जेपेग आधी वेगळे काढा: ते थंबनेल आणि विंडोज सेटअपची चित्रं.

तांबडीमाती

वाचनखूण साठवली. व्हिडिओ मात्र अर्धेमुर्धे निघतात असा अनुभव बऱ्याच जणांचा आहे, ते का?

कातरवेळ

कारण फोटोरेक सलग वाचत जातं. १० एमबीचा फोटो बहुधा एका जागी मावतो, ८ जीबीचा व्हिडिओ भरत आलेल्या डिस्कवर तुकड्यांत जातो. पहिला तुकडा संपला की पुढे दुसऱ्याच फायलीचा डेटा जोडला जातो. त्यात कॅमेऱ्याच्या एमपी४ मध्ये फ्रेमांची अनुक्रमणिका, तिला मूव अ‍ॅटम म्हणतात, बरेचदा फायलीच्या शेवटी असते. ती तुटली की आतलं चित्र शाबूत असूनही प्लेअर उघडायला नकार देतो.

अशा फायलींसाठी अनट्रंक (तुटके व्हिडिओ दुरुस्त करणारं साधन) वापरून बघा. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच रिझोल्यूशनला आणि त्याच फ्रेमरेटला घेतलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. सेटिंग वेगळं असेल तर आवाज येतो आणि चित्र हिरवं, किंवा काहीच नाही. जेपेगमध्ये अर्धा फोटो नीट आणि खाली राखाडी पट्टा, हे त्याच तुकड्यांचं लक्षण. तो दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका, खालचा अर्धा भाग त्या फायलीत नाहीच.

व्हिडिओंसाठी आधी दुसऱ्या तुकड्यातल्या नोंदी तपासा. तिथे नोंद असलेला व्हिडिओ फोटोरेकमधून घेऊच नका.

पाटीपेन्सिल

थोडं अवांतर. डिस्क एक्सफॅट असेल आणि टीव्हीने फॉरमॅट केली, तर हाच हिशेब लागू होतो का?

सेक्टर_शून्य

नाही, एक्सफॅटमध्ये एमएफटी नसतो. प्रत्येक फोल्डर स्वतःची यादी स्वतःजवळ ठेवतं. ३२ बाइटच्या नोंदी, त्यात नाव, आकार, पहिला क्लस्टर. फॉरमॅटमध्ये पुसतात ती मूळ फोल्डरची यादी, बिटमॅप (कुठली जागा भरली त्याचा नकाशा) आणि फॅटचा तक्ता. म्हणून सगळ्यात वरच्या फोल्डरांची नावं जातात, पण आतली फोल्डरं नावांसकट सापडतात. सलग फायली पूर्ण येतात, तुकड्यांतल्या फायलींची साखळी फॅटच्या तक्त्यात होती, ती गेली.

टीव्हीने मात्र काय केलं ते आधी बघा. अँड्रॉइड टीव्हीत डिस्क अंतर्गत स्टोरेज म्हणून जोडली असेल तर नवं पार्टिशन एनक्रिप्टेड असतं. नंतर त्यावर लिहिलेलं त्या टीव्हीशिवाय वाचता येणार नाही. खालचा जुना डेटा जेवढा झाकला गेला नाही तेवढा नेहमीसारखाच मिळतो.

आणि बिटलॉकर (विंडोजचं एनक्रिप्शन) लावलेल्या डिस्कवर फोटोरेक चालवू नका, एकही फाइल निघणार नाही. ४८ अंकी रिकव्हरी की असेल तर आधी विंडोजचं रिपेअर-बीडीई वापरून उलगडलेली प्रत काढा, मग स्कॅन. की नसेल तर प्रश्न मिटला.

जुनाखोडी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). वर आलंच आहे.

कळफलक (धागाकर्ता)

दुसऱ्या तुकड्यातल्या फायली नावासकट काढून झाल्या, उघडून तपासल्या. फोटोरेकचं काम चालू आहे, जेपेग आणि सीआर२ चांगल्या येताहेत. एक अडलंय: सीडीआर फायली आरआयएफएफमध्ये फक्त जुन्या सापडल्या. नव्या कुठे?

कातरवेळ

कोरलड्रॉ एक्स४ पासून सीडीआर ही आतून झिप फाइल असते. फोटोरेकने त्यातल्या काहींना झिप असं एक्स्टेन्शन दिलं असेल. झिपच्या गठ्ठ्यात बघा, उघडल्यावर आत कंटेंट नावाचं फोल्डर असेल ती कोरलची. एक्स्टेन्शन बदलून सीडीआर करा आणि कोरलमध्ये उघडा. जुन्या मराठी फाँटातला मजकूर असेल तर तो फाँट मशीनवर आधी टाका, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील आणि फाइलच खराब आहे असं वाटेल.

कळफलक (धागाकर्ता)

सापडल्या. झिपच्या गठ्ठ्यात तीनशेच्या वर होत्या. पहिल्या वीस बदलून बघितल्या, अठरा उघडल्या. उरलेल्या दोन झिप म्हणूनच तुटक आहेत. फोटोरेक उद्या सकाळपर्यंत संपेल. गिऱ्हाईक स्वतः बसून सगळं बघत नाही तोवर इमेज आणि मूळ डिस्क दोन्ही कपाटात.